विरीची पट्टी

“आणि कातडं का नको?” मठाच्या बुवांनी विचारलं.

मोरेश्वर याच प्रश्नाची वाट पाहत होता. “कातड्यात हिंसा आहे, बुवा.”

उद्यापासून त्याला गावोगाव कीर्तनाला जायचं होतं. बुवांची आज्ञा तेवढी बाकी होती. दिवस पावसाचे, रस्ते तांबड्या मातीचे. सायकलच्या मडगार्डांना खाली लोंबणाऱ्या पट्ट्या हव्यात, आणि त्यांत पापाचा लवलेश नको, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मग प्रत्येक वस्तूचा कीस पडला. प्लॅस्टिक गुरांच्या पोटात जातं. रबरासाठी झाडाला चिरा पाडतात. मठातली माणसं त्याला पाहिलं की वाट बदलू लागली.

शेवटी मठामागच्या बागेत पोफळीची विरी सापडली. झावळी सुकली की तिच्या बुडाचा हा रुंद, चिवट भाग आपोआप खाली येतो. मोरेश्वराने ती भिजवली, कापली, भोकं पाडून काथ्याने मडगार्डांना बांधली. आता सायकल बुवांपुढे उभी होती आणि त्याचा आनंद पोटात मावत नव्हता.

“कुणी तोडली नाही, बुवा. आपली आपण गळली.”

“छान.” बुवांनी विरीवरून बोट फिरवलं. “धाकूनेही एक पट्टी आणली होती ना?”

धाकू वहाणा शिवायचा. मोरेश्वर आसपासच्या वाड्यांवर भजनाला निघाला की आपल्या सायकलला बाजाची पेटी बांधून तो मागोमाग यायचा. कुणी बोलावलं नसलं तरी यायचा.

“आणली होती. कातड्याची. मी हात जोडून परत केली.”

“कुठल्या जनावराचं कातडं?”

“त्याच्याच बैलाचं.”

“मारला होता?”

“नाही... तो म्हणाला, ‘बैल म्हातारो झालो नि आपल्या मरणान मेलो.’”

“आपल्या मरणाने...” बुवा विरीकडे पाहत राहिले.

“पण बुवा, कातडं ते कातडंच!”

बोलला, आणि स्वतःचाच आवाज त्याच्या कानांवर आला. लहानपणी घरातली सोवळ्यातली माणसं दारातल्या वहाणेकडे पाहून याच आवाजात बोलायची. त्याला भयंकर लाज वाटली.

“परत घेताना काय म्हणाला धाकू?”

“काही नाही. पट्टी काखेत धरली. हात धोतराला पुसले... आणि गेला.”

“पुन्हा आला?”

“त्या दिवसापासून नाही.”

बुवा उठले. त्यांनी सायकलचं मागचं चाक उचललं आणि पायडल फिरवलं. चाकाला लागलेला चिखल विरीवर आपटला आणि तिथेच खाली पडला.

“ही मागची पट्टी सायकलवर बसणाऱ्याला वाचवते का रे?”

“नाही, बुवा. मागून येणाऱ्याच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून ती असते.”

बुवांनी चाक हळूच खाली टेकवलं. फाटकाबाहेर रस्ता मोकळा पडला होता.

“मग... उद्या निघू, बुवा?” मोरेश्वराने विचारलं.

“नीघ. आता चिखल अंगावर उडायला मागे कुणी नाही.”