ओलं मडकं

बरं का, ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाची मडकी आता पुन्हा माती झाली असतील.

एका गावात एक कुंभार होता. त्याची बायको होती आणि नवसानं झालेलं सहा महिन्यांचं लेकरू होतं. एकदा कुंभारानं माती भिजत घातली. ती मुरायला आठ दिवस लागणार, तोवर चाकाला सुट्टी.

बायको म्हणाली, "अहो, मडकी बघून बघून डोळे गोल झाले माझे. एकदा डोंगरातला धबधबा तरी दाखवा!"

"चल की मग," कुंभार म्हणाला. भाकऱ्या बांधल्या नि निघाले.

धबधब्यापाशी एक वड होता. बायकोनं खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, लेकराला निजवलं. वडावर वानरं बसली होती. कुंभारानं गंमत म्हणून खडा मारला. वानरं उधळली, तो हसला.

"आपण त्यांच्या घरी आलोय," बायको म्हणाली.

"अगं, वानरांना कसलं घर!"

मग दोघं जरा पुढे जाऊन पाणी बघत राहिली. मागून लेकराचं रडणं आलं आणि लगेच थांबलं. वळून बघतात तो झोळी रिकामी! वर फांदीवर एक वानरीण, आणि लेकरू तिच्या छातीशी.

कुंभारानं दगड उचलला. "टाक! टाक त्याला खाली!" भीतीनं वेडा झालेला, आपण काय बोलतोय तेही त्याला कळेना. तो ओरडला, की वानरीण एक फांदी वर जाई. पुन्हा ओरडला, आणखी एक वर.

बायकोनं मात्र नीट पाहिलं. वानरिणीच्या छातीत दूध दाटलं होतं, नि जवळ पिल्लू नव्हतं. तिनं नवऱ्याचा हात धरला.

"चाकावरनं ओलं मडकं असं उतरवता का हो तुम्ही?"

कुंभाराच्या हातातून दगड गळाला.

बायको वडाखाली बसली. रिकामी झोळी हलवत रोजच्यासारखी गुणगुणू लागली. बराच वेळ गेला. लेकरू भुकेनं कुरकुरलं. वानरिणीनं त्याला हुंगलं, कवटाळलं, पण ते काही राहीना. मग ती एक फांदी खाली आली. थांबली. आणखी एक आली.

शेवटी तिनं लेकरू झोळीत ठेवलं, पण एक हात त्याच्या पोटावर तसाच. कुंभार पुढे झाला, तर बायकोनं त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. तिनं हिसकावलं नाही. वानरिणीनं आपणहून हात काढला, तेव्हाच तिनं लेकराला उराशी घेतलं.

घरी आले. आठ दिवस भरले, माती मुरली. पहिलं मडकं उतरवताना कुंभाराचे हात थरथरले. थरथर थांबेस्तोवर तो बसून राहिला, मग उतरवलं. पुढे त्यानं कधी आवाज चढवला नाही असं नाही, पण चढवण्याआधी एकदा वर बघायचा.

म्हणून सांगतो, लेकरांनो आणि थोरांनोही: आपला जीव ज्याच्या हातात, त्याच्यावर दगड उगारू नये.