पैकूचा डोंगा

फार वर्षांमागची गोष्ट. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. सावरटोला अलीकडच्या काठाला, वैद्यबुवा पलीकडच्या, आणि मध्ये पैकू ढिवराचा डोंगा. त्यामुळे गावातलं प्रत्येक दुखणं आधी पैकूकडे यायचं. त्याला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जाताना माणूस कण्हत दुखणं सांगायचा, येताना गुण कसा आला ते सांगायचा, आणि पैकू वल्हं मारत ऐकायचा. अखेरीस त्याला वैद्यबुवांपेक्षा जास्त रोग ठाऊक झाले होते, असं म्हणतात.

कुणाचे डोळे पिवळे दिसले की पैकू त्याला कावीळ होऊन बऱ्या झालेल्या माणसाशेजारी बसवायचा. "सांग गड्या याले, कसं होते ते." मग तो सांगायचा, अन्नावरची वासना कशी उडाली, कितव्या दिवशी भात गोड लागला. काठ येईपर्यंत नव्याची निम्मी भीती गेलेली असायची. आता दवाखान्यात शेजारचा माणूस मोबाइलमधून मान वर करत नाही. तो डोंगा आठवला की जीव हळहळतो.

मात्र ज्याला आपलं दुखणं झाकायचं असेल, त्याचं नाव पैकूच्या तोंडून कधी निघालं नाही.

एकदा भादव्यात नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. लटारू पाटील आपल्या सुनेला, भागरताला, कायमची माहेरी सोडायला निघाले. तिला फेफरं यायचं. बाहेरची बाधा आहे, घरात नको, असं घरानं ठरवलं होतं. तिची चार महिन्यांची लेक मात्र घरीच ठेवून घेतली होती.

मधल्या धारेत भागरताला झटका आला. कुणीतरी तिच्या नाकाला लावायला चप्पल काढली.

"चप्पल खाली ठेव. तोंडात काही कोंबू नका," पैकू म्हणाला. त्यानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पंचा घडी करून दिला आणि थांबला. थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली.

"हा रोग आहे, बाधा नाही. औषध घेऊन मानसं मोठमोठे संसार चालवतात," पैकू म्हणाला.

"कोन मानसं? एक तरी दाखव," डोंग्यातली एक म्हातारी म्हणाली.

पैकूला माहीत होतं. वीस वर्षं दर महिन्याला बाजाराच्या नावाखाली याच रोगाचं औषध आणायला नदी ओलांडणारा माणूस समोरच बसला होता. पण ते नाव पैकूनं घेतलं नाही. त्यानं वल्हं मांडीवर घेतलं. तेवढ्या पुरातही डोंगा वाहून गेला नाही, जागचा हललासुद्धा नाही, असं म्हणतात. कुणी म्हणतं, खाली झाडाचं खोड अडकलं होतं. मी म्हणतो, नदीलाही ऐकायचं होतं.

"मामाजी," भागरता सासऱ्यांना हळूच म्हणाली, "पोरगी भुकेली असन."

लटारू पाटील म्हातारीकडे वळले.

"मले बी येते," ते म्हणाले. "वीस वर्षं झाली."

पैकूनं डोंगा सावरटोल्याकडे वळवला.

आता पूल झाला, पैकूही गेला. पण सावरटोल्यात कुणाला फेफरं आलं, तर लोक गर्दी करत नाहीत, त्याला कुशीवर वळवून जवळ बसून राहतात. त्यानं डोळे उघडले की सगळ्यात जवळचा माणूस पैकूचं नाव घेऊन म्हणतो, "मले बी येते." त्याला येत असो वा नसो. परवा आरोग्य केंद्रातल्या बाई फेफऱ्याच्या रुग्णांची नावं लिहून घ्यायला आल्या. अख्खा गाव रांगेत उभा राहिला.