लोटलेलं दार

फार पूर्वी, गडांवर कैदखाने असत तेव्हाची ही गोष्ट. एका गडाचा किल्लेदार मनाने चांगला होता. माणसांना नुसतं डांबून काय उपयोग, म्हणून तो कैद्यांना सतरंज्या विणायला शिकवी, पोटभर जेवू घाली. शिस्त मात्र कडक. घंटेचा टोला पडला की उठायचं, टोला पडला की निजायचं, आणि दाराला कुणी हात लावायचा नाही. लावला तर चाबूक. तेवढ्यापुरता त्याचा चांगुलपणा आटायचा.

तिथे एक चोर होता. तरुणपणी आला आणि केस पिकेपर्यंत राहिला. विणकर असा झाला, की त्याच्या सतरंज्या राजवाड्यात अंथरत. खाली गावात त्याची म्हातारी आई त्याच्यासाठी जीव धरून होती.

सुटकेला वर्ष उरलं तेव्हा जुना पहारेकरी म्हणाला, "सरकार, आता याला जरा मोकळं सोडावं. बाजारात जाऊ द्यावं, आपल्या कोठडीची कडी आपल्या हाताने काढू द्यावी."

"आणि पळाला म्हणजे? अब्रू माझी जाईल," किल्लेदार म्हणाला. विषय संपला.

सुटकेच्या दिवशी त्याने चोराला नवे कपडे दिले, एक माग दिला. माणूस सुधारला म्हणून त्याची छाती फुगली.

चोर घरी पोचला. दार बंद दिसलं.

"आई, मी आलो गं."

"आलास? ये की रं आत. दार नुसतं लोटलंय. मला उठवत न्हाई."

त्याने हात उचलला. पाठीवरचे वळ आठवले आणि हात खाली आला. "कुणी उघडलं की येतो," म्हणून तो पायरीवर बसला.

"माझ्यावर रागावलास व्हय?" आई आतून विचारत राहिली. मग तिचा आवाज थांबला. संध्याकाळी शेजारीण रानातून आली, तिने दार ढकललं आणि हंबरडा फोडला. म्हातारी गेली होती.

क्रियाकर्म उरकून तो गडावर आला आणि त्याने झालेलं सगळं सांगितलं.

"अरे करंट्या, दार ढकलायचं होतंस!" किल्लेदार ओरडला.

"हुकूम नव्हता, सरकार."

किल्लेदाराने त्या जुन्या पहारेकऱ्याला बोलावून घेतलं. त्यानंतर सुटकेआधी कैदी बाजारात जाऊ लागले, आपली कडी आपण काढू लागले. एकदोघे पळालेही. बाकीचे सुटले, घरी गेले आणि घरचे झाले.

त्या विणकराला मात्र फार उशीर झाला होता. त्याने गडाच्या पायथ्याशी झोपडी बांधली. वरचा टोला ऐकून उठे, टोला ऐकून निजे. झोपडीला दार त्याने कधी बसवलंच नाही.

तात्पर्य एवढंच: ज्याला उद्या सोडायचं, त्याच्यावर आजच थोडा विश्वास टाकावा, नुसत्या कामधंद्याने मनाची बेडी तुटत नाही.