रिकाम्या पत्रावळी

“बुवा, मधल्या या सात पत्रावळी रिकाम्या का?”

सुभानराव देशमुखांनी उभ्यानंच विचारलं. मठात ते गुरुमंत्र घ्यायला आले होते.

यंदाही पावसानं दगा दिला होता. गावची पोरं मठात जोंधळ्याच्या कण्या खायला बसली होती. धाकटं आधी, मग त्याहून थोरलं, अशी वयानं लावलेली पंगत. घोंगडेबुवा आणि मी, त्यांचा शिष्य, वाढत होतो.

बुवा कण्या वाढतच राहिले.

“पोटं भरली की घरोघरी पाळणे,” देशमुख म्हणाले. “रान तेवढंच, तोंडं दुप्पट. म्हणून तर मी पेव उघडत नाही. आज दाणा दिला की उद्या खाणारे वाढतात.”

देशमुखांची तीन पेवं जमिनीखाली जोंधळ्यानं गच्च भरलेली. तोंडावर शिळा, शिळेवर पहारा. आणि हा माणूस मंत्र मागायला आला होता!

बुवांनी पातेलं खाली ठेवलं. रिकाम्या जागेच्या अलीकडच्या पोरीला विचारलं, “किती वर्षांची गं तू?”

“पाच.”

पलीकडच्या पोराला विचारलं, “आणि तू?”

“आठ.”

देशमुखांच्या कपाळाला आठी पडली. “मधली कुठं गेली? मेली?”

“मरायला आधी जन्मावं लागतं, देशमुख... सात-आठ वर्षांमागं सलग दोन वर्षं दुष्काळ पडला. पेवं तेव्हाही बंदच होती. बायांची हाडं वर आली होती. गावात एक पाळणा हलला नाही.”

“दैव त्यांचं.”

“दैव?” बुवा कडाडले. पोरांचे घास हातातच राहिले. “बस! बस त्या पानावर!”

देशमुखांना कुणी अरे-तुरे केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते मुकाट बसले. मी सवयीनं वाढायला वाकलो, तर बुवांनी माझं मनगट धरलं.

“त्याला नको. ते पान त्याचं नाही.”

“मग ज्यांचं आहे, ती पोरं...” देशमुख पुटपुटले.

“तुझ्या पेवात आहेत.”

देशमुखांनी हात जोडले.

“बुवा, मंत्र तरी...”

बुवांनी एक कोरी पत्रावळ घेतली. पंगतीच्या टोकाला, सगळ्यात धाकट्या पोराच्याही अलीकडे मांडली. तिच्यावरचा हात मात्र काढला नाही.

“ही पुढच्या वर्षीची. बोल सुभान... ठेवू, की उचलू?”