न फेकलेले भाले

फार जुन्या काळी, गेंड्यांवर बसून लढायला येणाऱ्या फौजा जगात होत्या तेव्हा, डोंगराच्या कुशीत एक छोटं राज्य होतं. राजाकडे घोडेस्वार होते चाळीस. त्यांच्या अंगावर चिलखतं होती आणि डोक्यात हवा होती. भालेकरी होते दोनशे. त्यांचा भाला म्हणजे एक बांबू आणि टोकाला लोखंडाचा तुकडा. चिलखत सोडाच, पायात धड वहाणही नसे.

भालेकऱ्यांना लढाईत कसं वापरायचं याची एक ठरलेली रीत होती. त्यांना मोकळ्या माळावर सगळ्यांच्या पुढे पळत सोडायचं. त्यांनी भाले फेकायचे आणि मरायचं. त्यांना तुडवून शत्रू दमला, की मागून घोडेस्वारांनी जाऊन जिंकायचं. "भालेकऱ्यांचं काय एवढं? हवे तितके मिळतात," असं सेनापती चारचौघांत म्हणे. लाज कशी वाटत नसेल!

भालेकऱ्यांचा नाईक होता सटवाजी. मागच्या लढाईत त्याचा धाकटा भाऊ रिकाम्या हातांनी मेला होता. भाला फेकून झाल्यावर त्याच्याकडे उरलं होतं काय? तेव्हापासून सटवाजीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्याच्या गावात रानडुक्कर शेतात घुसलं, तर कोणी भाला फेकत नसे. माणसं खांद्याला खांदा लावून गुडघे टेकत, भाल्याचं बूड टाचेशी जमिनीत रोवत आणि टोक समोर धरून गप्प बसत. डुक्कर आपल्याच जोराने येऊन त्यावर आदळे.

त्या वर्षी गेंडेस्वार चालून आले. सेनापतीने हुकूम सोडला, "नाईक, माणसं माळावर सोड."

"नाही सोडणार," सटवाजी म्हणाला. "आम्ही खिंडीत बसू. दोन्ही बाजूंना कडे आहेत, गेंड्यांना वळायला जागा नाही. तुम्ही आडवाटेनं त्यांच्या पाठीमागे जा."

"तू मला लढाई शिकवणार? डोकं उडवीन तुझं!"

"उडवा की. पण आधी ते गेंडे अडवून दाखवा, मग माझ्या डोक्याचं बघू."

सेनापतीचा हात तलवारीवर गेला. त्याबरोबर सटवाजीच्या मागे दोनशे बांबू एकदम जमिनीवर आपटले. समोर धूळ दिसू लागली होती, भांडायला वेळ नव्हता. "मरा तिकडे! मी वरून गंमत बघतो," असं म्हणून सेनापती घोडेस्वारांसह आडवाटेनं डोंगरावर निघून गेला.

खिंडीत पहिल्या रांगेने गुडघे टेकले. दुसरीने त्यांच्या खांद्यांवरून भाले पुढे काढले. जमीन हादरू लागली. भीती सगळ्यांनाच वाटत होती, सटवाजीलाही. शेजारचा म्हातारा भालेकरी कुजबुजला, "नाईक, फेकू का रं?"

"हातातला भाला सोडलास तर याद राख, तात्या! धर घट्ट. त्यांनाच येऊ दे."

पुढचा गेंडा धाडकन आदळला. बांबू वाकले, काही मोडले. पण टोकं छातीत रुतल्यावर तो जागीच कोसळला. मागचे त्याच्यावर धडकले, त्यांच्या मागचे त्यांच्यावर, आणि स्वार भराभर खाली पडू लागले. भाल्यांची रांग तसूभरही हलली नाही. शत्रू अडकलेला पाहून सेनापतीला हुरूप आला. तो डोंगर उतरून मागून तुटून पडला आणि गेंडेस्वारांनी शस्त्रं टाकली.

संध्याकाळी दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याण्णव भालेकरी आपल्या पायांनी परतले. असं कधीच घडलं नव्हतं. गेलेल्या दोघांसाठी सटवाजी सगळ्यांदेखत रडला.

दरबारात सेनापती मिशीला पीळ देत म्हणाला, "महाराज, माझ्या घोड्यांनी मैदान मारलं." पण राजाने खिंडीत भाल्यांवर कोसळलेले गेंडे स्वतः पाहिले होते. त्याने सटवाजीला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "तुला घोडा देतो, चिलखत देतो. आजपासून तू सरदार."

"घोडा नको, महाराज," सटवाजी म्हणाला. "ज्यांना आम्ही हवे तितके मिळतो, त्यांनी पुढच्या लढाईत आमच्या रांगेत गुडघे टेकावे. आणि आमची माणसं माळावर सोडायचा हुकूम पुन्हा आला, तर आम्ही तो पुन्हा मोडू. आत्ताच सांगून ठेवतो."

राजाने सेनापतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताने एक बांबूचा भाला उचलला आणि सेनापतीच्याच हातात दिला.

तात्पर्य: ज्याला मरायला पुढे पाठवता, त्याला कुठे उभं राहायचंय ते एकदा विचारा. आणि पुढे पाठवले जाणारे तुम्हीच असाल, तर कोणी विचारायची वाट बघू नका.