विशालक्षेत्राची सीमा

पूर्वी त्रेतायुगाच्या प्रथम चरणात, जेव्हा नद्या देह धारण करून माणसांशी बोलत आणि माणसे तरीही त्यांचे ऐकत नसत, तेव्हा श्यामवेगा नदीच्या तीरावर विशालक्षेत्र नावाचे एक नगर होते. नाव ऐकून कोणी भुलू नये. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! उत्तरेस उघडा खडक, दक्षिणेस लव्हाळ्यांची दलदल, पश्चिमेस काटेरी अरण्य, आणि मध्ये नदीच्या कृपेने पिकणारी चिंचोळी काळी भूमी, एवढाच त्याचा विस्तार. परंतु तेथील नागरिक मात्र, आपली गणना करताना चित्रगुप्ताची लेखणी झिजेल, अशा थाटात छाती काढून चालत. समोर नदीच्या पात्रात वाळूचे एक मोठे बेट होते आणि त्यावर नावाडी, बुरूड व कुंभार राहत. ही माणसे विशालक्षेत्राची की नव्हेत, हे त्या दिवशी काम कोणते निघाले आहे यावर ठरत असे.

त्या नगराला वेस नव्हती. देवालयाच्या चौथऱ्यावरून शंख फुंकावा, तो ऐकून जो 'ओ' देईल तो नगरजन, आणि नाद जेथे विरेल ती सीमा, असा पूर्वजांचा दंडक होता. घोषक नावाचा वृद्ध शंखधर हे कार्य करी. बांध फुटला की नगरमुख्य पुष्टिवर्धन त्याला म्हणे, "प्राण ओतून फुंक!" मग बेटावरची माणसे 'ओ' देत धावत येत आणि छातीभर चिखलात उभी राहून बांध घालत. नवान्नाचा दिवस उजाडला की बेटावरून कोणी वाटा मागायला येऊ नये म्हणून तोच पुष्टिवर्धन शंखाच्या मुखात कापडाचा बोळा कोंबी. कामापुरता मामा, ताकापुरती आजीबाई! घोषकाला या कृत्याची किळस येई. पण वृत्ती पिढीजात, आणि पोट पाठीशी लागलेले. तो खाली मान घालून फुंकत राहिला. त्याची एकुलती एक कन्या मंजुला बेटावरच्या नावाड्याला दिली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती.

अशातच एके दिवशी शीलवाह नामक तपोनिधी मुनी नगरात आले. जटाभाराने मंडित, तपाने कृश, पण दृष्टी अशी की समोरच्याने उगाच आपले वस्त्र सावरावे. ते म्हणाले, "नगरजनहो, माझ्या तपाने प्रसन्न झालेल्या श्यामवेगेकडे मी तुमच्यासाठी वर मागितला आहे. उद्या सूर्योदयी इंद्राज्ञेने तिला महापूर येईल. तुमच्या नगराच्या सीमेत ती पाऊल ठेवणार नाही, आणि सीमेच्या आतली कोठारे कधी रिती होणार नाहीत. सीमेबाहेरचे मात्र सारे ती वाहून नेईल. तेव्हा पहाटे शंख फुंका आणि तुमचे नगर कुठवर आहे ते तिला सांगा."

पूर, प्रलय, प्राण हे शब्द त्या महाभागांच्या कानांवरून वाऱ्यासारखे गेले. कानात शिरला तो एकच शब्द, कोठार!

पहाटे चौथऱ्यावर पुष्टिवर्धन शंखात बोळा कोंबून सज्ज होता. घोषक त्याच्या पायांवर पडला. "नगरमुख्या, आज तरी हे नको! बेटावर माझी लेक आहे, तिचे दहा दिवसांचे बाळ आहे. नाद पोचला नाही तर नदी त्यांना गिळील."

"घोषका," पुष्टिवर्धन गंभीर मुद्रेने वदला, "कृपा म्हणजे ताक. जितके वाटेकरी, तितके पाणी. मुलगी बेटावर दिलीस त्याच दिवशी ती आमच्या गणनेतून गेली. राहिले नावाडी, तर ते पुन्हा मिळतील."

धिक्कार असो त्या जिभेचा! आयुष्यभर वाकलेला घोषक त्या क्षणी ताठ उभा राहिला. त्याने बोळा उपसण्यासाठी शंखाला हात घातला, तोच दोघा पुष्ट नागरिकांनी त्याला पायऱ्यांवरून खाली लोटले. "ठेवा तुमची वृत्ती आणि ठेवा तुमचा शंख!" एवढे बोलून तो घाटाकडे धावला आणि हाताला लागली ती होडी वल्हवीत, चढत्या पाण्यातून बेटावर पोचला.

इकडे पुष्टिवर्धनाने स्वतः शंख ओठांना लावला. ज्याने जन्मात चुलीवरही फुंकर मारली नव्हती, तो शंख काय फुंकणार? गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि बोळ्यातून जो नाद निघाला तो चौथऱ्याची शेवटची पायरीसुद्धा उतरला नाही. "झाले!" तो घाम पुसत म्हणाला.

बेटावर मंजुला बाळाला उराशी धरून उभी होती. "तात, शंख वाजला का हो? आम्हाला काहीच ऐकू आले नाही."

वरच्या वळणावर पाण्याची भिंत दिसू लागली होती. तिच्यात उन्मळलेले वृक्ष गरगरत होते. तिच्यापुढे नाव म्हणजे पाचोळा. घोषकाने दोन्ही हातांचे तळवे तोंडाभोवती धरले, आणि इतकी वर्षे बोळ्याने दाबलेला सारा श्वास एकवटून हाक घातली, "माझ्या माणसांनो, ओ द्या हो!"

बेटावरचे आबालवृद्ध एका कंठाने गरजले, "ओ!" हाक तिथेच थांबली नाही. ती पात्र ओलांडून विशालक्षेत्राच्या घराघरांवर आदळली. श्यामवेगा क्षणभर उभी राहिली आणि तिची वाणी उमटली, "या हाकेला जो ओ देईल, तो माझ्या अभयात आहे."

एक अक्षर, बाबांनो, एकच अक्षर! पण कुलीनांची तोंडे उघडतील तर शपथ. "बेटावरच्या हाकेला आम्ही ओ द्यायची?" म्हणत त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पाणी उंबऱ्याला लागताच शंख जिथे वाजला त्या चौथऱ्याकडे धूम ठोकली. पळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नसल्यामुळे प्राण तेवढे वाचले. घरे, वीथी, कोठारे आणि ती काळी भूमी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. बेटावरच्या अंगणांत पाण्याचा शिंतोडाही उडाला नाही.

पूर ओसरला तेव्हा शीलवाह मुनी आले. पुष्टिवर्धन छाती पिटून ओरडला, "मुने, तुमच्या नदीने आम्हाला फसवले!"

"मूढा," मुनी उद्गारले, "तू सीमा सांगितलीस, तिने ती पाळली. तुझ्या श्वासात मावले एवढेच तुझे नगर. कल्पांतापर्यंत ते वीतभरही वाढणार नाही. " मग बेटाकडे वळून ते म्हणाले, "घोषका, तुझ्या हाकेचे नगर ओ देणाऱ्यांच्या संख्येने वाढत जावो."

तेव्हापासून बेटाला नदीने गाळ घालून घालून दोन्ही तीरांपर्यंत पसरवले आणि तिथे माणसांची, गुरांची, पिकांची दाटी झाली, असे जाणते सांगतात. मध्ये, पुराने खोदलेल्या डोहाच्या वेढ्यात, तो चौथरा तसाच आहे. त्यावर पुष्टिवर्धनाचे वंशज पाय पोटाशी घेऊन बसतात. वराप्रमाणे त्यांचे कोठार रिते होत नाही, कारण तिथे कोठार बांधायला जागाच उरलेली नाही. भूक लागली की ते तोंडाभोवती तळवे धरून हाक घालतात. पलीकडून मंजुलेच्या वंशातले कोणीतरी 'ओ' देते आणि धान्याची नाव सुटते. ते धान्य उतरवून घेता घेता चौथऱ्यावरचे लोक नावाड्याला बजावतात, "पायरीवर पाय ठेवू नकोस हो. आमच्या विशालक्षेत्रात बाहेरच्यांना जागा नाही."