टोपीतलं तिकीट

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा जर्मनीत फुटबॉल नवा होता आणि देशाकडून खेळायलाही अकरा माणसं जमायची मारामार होती. लिंडेनाख गावात आल्विन नावाचा नालबंद राहायचा. आठवडाभर घोड्यांना नाल ठोकायचा आणि रविवारी माळावर चेंडू बडवायचा. असं म्हणतात, त्याने मारलेला चेंडू खाली यायचा तेव्हा ढगातल्या पाण्याने ओला असायचा.

एकदा शहरात देशाचा सामना होता. आल्विन तिकीट काढून बघायला गेला. पण एक खेळाडू आलाच नाही. कप्तान प्रेक्षकांत येऊन विचारू लागला, कोणाला खेळता येतं का? आल्विनने तिकीट टोपीत खोचलं, उसना सदरा चढवला आणि मैदानात उतरला. असं म्हणतात, त्या दिवशी त्याच्या पायाखालचं गवत करपलं.

सामना संपला, सदरा परत द्यावा लागला. वर्तमानपत्रांत आधी ठरलेलीच नावं छापून आली. मग आल्विन बिचारा गावात पुरावा म्हणून ते तिकीट दाखवत सुटला. तिथेच तो फसला.

"खेळणारा माणूस तिकीट कशाला काढील रे?" खानावळीचा मालक ब्रूनो सगळ्यांदेखत म्हणाला.

गाव हसलं आणि आल्विनचं नाव थापाड्या पडलं. नाल ठोकून घ्यायला येणारे विचारायचे, हा घोडाही देशाकडून खेळतो का? पुढे महायुद्ध झालं. असं म्हणतात, त्यात बाकीचे दहाही जण मेले आणि साक्षीला कोणी उरलं नाही. आल्विनने माळावर जाणं सोडलं. चाळीस वर्षं तो एवढंच म्हणत राहिला, "मी खेळलो होतो." त्याची बहीण हेडविग, ती एकटी म्हणायची, "हो दादा, खेळलास."

आल्विन गेला. त्याला पुरून तीन दिवस होतात न होतात, तोच शहरातल्या फोटोवाल्याच्या जुन्या पेटीतून निघालेला एक फोटो गावात आला. अकरा जण ओळीत उभे, आणि टोकाला आल्विन, टोपीत तिकीट. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं झालं. म्हाताऱ्या ब्रूनोला पुढे घालून सगळं गाव हेडविगच्या दारात माफी मागायला आलं.

"मला काय सांगता? मी कधी त्याला खोटं म्हटलं?" ती म्हणाली. "त्याला सांगा."

तेव्हापासून लिंडेनाखचा संघ दहाच जणांनिशी उतरतो. अकरावा तिकीट काढून आलेल्यांतून बोलावतात, आणि त्याच्याकडे कसलाही पुरावा मागत नाहीत. खेळ सुरू होण्याआधी सगळे कब्रस्तानाकडे तोंड करून ओरडतात, "आल्विन, तू खेळलास." गावाला वाटतं, एवढ्याने फिटलं. मला नाही वाटत.

हेडविग जिवंत होती तोवर, ती हाक यायच्या आत उठून खिडकी लावून घ्यायची.